शेक संपला, पोट बिघडलेलंच: ओटीपोटाच्या रेडिएशननंतर आतड्याचं काय होतं आणि काय करता येतं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या बायकांकडून एक तक्रार वारंवार ऐकायला मिळते: आजार गेला, पण पोट पूर्वीसारखं राहिलं नाही. खोदून विचारलं की कळतं, दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतं, कळ आली की दोन मिनिटंही थांबता येत नाही, म्हणून लग्नकार्याला जाणं बंद झालंय आणि एसटीने जायचं असलं की आदल्या रात्रीपासून उपास. डॉक्टरांना सांगितलं का, असं विचारावं तर ‘रेडिएशन घेतलंय ना, मग हे व्हायचंच’ असं कुणीतरी आधीच सांगून टाकलेलं असतं. हे उत्तर अपुरं आहे. रेडिएशननंतरच्या जुलाबांमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात, एकाच पेशंटमध्ये त्यातली दोन-तीन एकदम असू शकतात, आणि त्यातली बरीचशी शोधता येतात, औषधाने आटोक्यात आणता येतात.

इथे मी मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे ओटीपोटाचं रेडिएशन घेणाऱ्यांत या बायकांची संख्या मोठी आहे. गर्भाशय, गुदाशय, प्रोस्टेट किंवा मूत्राशयासाठी शेक घेतलेल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी उपचाराचा हिशेब. बाहेरून मशिनने दिलं जाणारं रेडिएशन साधारण 45 ते 50 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप) असतं, सुमारे 25 हप्त्यांत वाटलेलं, आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे. त्याच काळात बहुतेकींना आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. मग आतून द्यायचं रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपावं असा प्रयत्न असतो, कारण उपचार लांबला की कॅन्सर आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे जुलाब होतात म्हणून मनानेच चार दिवस शेक चुकवणं फार महागात पडतं.

या सगळ्यात आतडं सापडतं ते जागेमुळे. लहान आतड्याचा शेवटचा भाग, मोठ्या आतड्याची सुरुवात, खालचं वळण आणि गुदाशय हे ओटीपोटातच असतात आणि फारसे हलत नाहीत. आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. त्या तयार करणाऱ्या मूळ पेशी रेडिएशनने मरतात, जुन्या पेशी गळतात, नव्या वेळेवर येत नाहीत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब, मुरडा, मळमळ सुरू होते. शेक संपल्यावर दोन ते सहा आठवड्यांत अस्तर भरून येतं आणि हा त्रास बहुतेकींचा थांबतो.

उशिरा येणारा त्रास वेगळा. तो सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी दहा-पंधरा वर्षांनीही सुरू होतो. इथे दोष अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्यांचा असतो. त्या आतून जाड होऊन बुजतात, रक्तपुरवठा घटतो, आतड्याची भिंत कडक आणि तंतुमय होते. कमी पडलेलं रक्त भरून काढायला पृष्ठभागावर नाजूक, फुगीर केशवाहिन्यांची जाळी उगवते. शौचातून पडणारं रक्त बहुतेक वेळा तिथलंच. सुरुवातीचा त्रास फार झालेल्यांना पुढचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, पण सुरुवातीला काहीच न झालेल्यांनाही तो होऊ शकतो. रेडिएशनने आतड्याला इजा होते हे नवं नाही. राँटगेनने क्ष-किरण शोधले 1895 मध्ये, आणि क्ष-किरणांमुळे पोट बिघडल्याची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 1897 मध्येच छापून आली.

कुणाला धोका जास्त? गर्भाशय काढलेल्यांना, कारण त्या रिकाम्या जागेत लहान आतडं उतरतं. पोटाचं आधी ऑपरेशन झालेल्यांना, कारण आतडं चिकटून एकाच जागी राहतं आणि रोज त्याच तुकड्याला मार बसतो. शिवाय फार बारीक अंगकाठी, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-बिडी आणि आतड्याचा आधीचा दाहाचा आजार. यातलं काही असेल तर प्लॅनिंगच्या दिवशीच, म्हणजे किरण कुठे द्यायचे ते आखतात तेव्हाच, सांगायचं.

शेक चालू असताना

सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा आहे. भरलेलं मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला काढतं. म्हणून बहुतेक ठिकाणी सांगतात: आधी लघवी करून या, मग अर्धा लिटर पाणी प्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. प्रमाण सेंटरनुसार थोडं वेगळं असतं. तुम्हाला जे सांगितलंय तेच रोज पाळायचं. चुकतं ते रोजच्या फरकात. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला मूत्राशय गच्च भरलेलं आणि तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ होते म्हणून अर्धवट रिकामं, असं झालं की कॉम्प्युटरवर आखलेलं आतडं एका जागी आणि खरं आतडं दुसऱ्याच जागी. रांग लांबली आणि लघवी आवरेना, तर टेक्निशियनला सांगा, पुन्हा पाणी प्या, नंबर मागे गेला तरी चालेल. गुदाशय मात्र रिकामा हवा, म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट तंत्राची. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने 2011 ते 2019 या काळात ऑपरेशननंतर शेक लागणाऱ्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या 300 बायकांवर चाचणी केली. निम्म्यांना साधं त्रिमितीय रेडिएशन आणि निम्म्यांना रोज इमेज बघून दिलेलं आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणारं तंत्र. आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त उशिराचा त्रास तीन वर्षांत पहिल्या गटात 42.4 टक्के, तर दुसऱ्या गटात 21.1 टक्के बायकांना झाला. कॅन्सर आटोक्यात येण्यात कमतरता आली नाही. माझ्या मते, गर्भाशय काढून मग शेक लागणार असेल तर ‘मला आयएमआरटी मिळेल का, सरकारी योजनेत बसेल का’ हे विचारायलाच हवं. प्लॅन बघणारे डॉक्टर एक आकडा तपासतात: लहान आतडी जिथे वावरतात त्या जागेपैकी 45 ग्रे किंवा जास्त मिळणारा भाग 195 सीसीपेक्षा कमी राहावा. तुमच्या प्लॅनमध्ये तो किती आला, हे विचारण्यात काही गैर नाही.

जुलाब सुरू झाले की पहिलं काम पाणी आणि क्षार भरून काढणं. इथे एक चूक घरोघरी होते. ओआरएसचं मोठं, साधारण 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. ‘एवढं पाणी कोण पिणार’ म्हणून ते ग्लासभर पाण्यात घातलं की द्रावण फार तीव्र होतं, आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. पाकीट निम्मं करून अंदाजाने घालणंही नको. एक लिटरची बाटली मोजून घ्या, सगळी पूड त्यात घाला, दिवसभर घोट घोट प्या, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. तयार गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं.

सिस्प्लॅटिन चालू असताना तर हे जास्तच जपावं लागतं. ते औषध मूत्रपिंडावर ताण देतं. त्यात जुलाबाने अंगातलं पाणी आटलं की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं आणि पुढचा डोस रद्द होतो. दर आठवड्याच्या रक्ततपासणीच्या वेळी गेल्या आठवड्यात किती वेळा जावं लागलं ते आपणहून सांगा.

लोपेरामाईड हे जुलाब थांबवायचं पहिलं औषध. सुरुवातीला 4 मिलिग्रॅम म्हणजे दोन गोळ्या, नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला 16 मिलिग्रॅमच्या वर नाही. पण ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पोट फुगून टणक झालं असेल तर गोळी न घेता दवाखाना गाठायचा. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आणि जुलाब एकत्र येणं धोक्याचं. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑक्ट्रिओटाईडची इंजेक्शनं असतात, ती डॉक्टर ठरवतील. दोन गोष्टी मात्र टाळायच्या: शेक चालू असताना मेसालाझिनसारखी आतड्याच्या दाहावरची औषधं जुलाब वाढवू शकतात, आणि तोंडाने घेतलेल्या सुक्रालफेटने (अस्तरावर थर चढवणारं औषध) आतड्याचं रक्षण होत नाही. गुदद्वारातून दिलेल्या सुक्रालफेटची गोष्ट वेगळी, ती पुढे येतेच.

खाण्याबद्दल इतका गोंधळ असतो की पेशंट पाच आठवडे नुसत्या पेजेवर काढतात आणि दहा किलोंनी उतरतात. तसं करू नका. अस्तर सोललेलं असताना दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी पडतं, म्हणून दूध, बासुंदी, खीर काही आठवडे बंद; दही-ताक बहुतेकींना चालतं. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, उकडलेला बटाटा, अंडं, उकडलेले किंवा कालवणातले मासे, कोंबडीचं पातळ सूप हे सगळं चालतं आणि हवंच. ठेचा, तळण, राजमा-छोले, कच्ची कोबी-काकडी नको. तंतुमय अन्न मात्र मुळापासून तोडायची गरज नाही. लंडनच्या एका चाचणीत ओटीपोटाच्या रेडिएशनच्या काळात तंतू वाढवलेल्यांना वर्षभरानंतर त्रास कमी होता. दुधी, पडवळ, गाजर, सोललेलं सफरचंद हे शिजवून खात राहा.

बाहेरच्या त्वचेसाठी: साबण नाही, कोमट पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. मलम शेकाच्या आधी लावायचं की नंतर, ते युनिटमध्ये विचारून.

वर्षभराने, पाच वर्षांनी

लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलमध्ये जर्व्हॉइस अँड्रेयेव्ह यांच्या चमूने ओटीपोटाच्या रेडिएशननंतर पोटाचा त्रास असलेल्या 218 जणांचे तीन गट केले. एका गटाला माहितीपुस्तिका, दुसऱ्याला पोटविकारतज्ज्ञाकडून ठरलेल्या क्रमाने तपासणी आणि उपचार, तिसऱ्याला तोच क्रम पाळणाऱ्या प्रशिक्षित नर्सकडून. 2013 मध्ये निकाल छापून आला. क्रमाने तपासलेल्यांना पुस्तिकावाल्यांपेक्षा स्पष्ट फायदा झाला आणि नर्सचा गट डॉक्टरांच्या गटाइतकाच बरा निघाला. म्हणजे महागडं यंत्र किंवा मोठं नाव नसलं तरी चालतं, एकेक कारण नेटाने तपासणारं कुणीतरी हवं.

पहिलं कारण पित्ताचं. जेवणानंतर आतड्यात उतरलेले पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाऊन यकृताकडे परत जातात. तोच भाग शेकात सापडलेला असतो. शोषले न गेलेले क्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे आग करतात आणि पाणी सोडायला लावतात. लक्षणं ओळखण्यासारखी असतात: जेवणानंतर लगेच जोराची कळ, रात्री झोपेतून उठावं लागणं, पिवळट, तेलकट, भांड्याला चिकटणारं शौच. तळलेलं खाल्लं की वाढतं. उपासाला भरपूर तूप आणि दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी वाढतं. उपाय म्हणजे पित्तक्षार धरून ठेवणारी कोलेस्टायरामाईनची पूड किंवा कोलेसेवेलामच्या गोळ्या. पूड सगळ्या दुकानांत नसते, आधी मागवावी लागते. अर्ध्या पाकिटापासून, म्हणजे 2 ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. जेवणाच्या आधी, भरपूर पाण्यात किंवा फळांच्या रसात मिसळून. मुख्य पथ्य असं की बाकीच्या गोळ्या हिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या, नाहीतर ही पूड थायरॉईडची, रक्त पातळ करणारी आणि इतर औषधं धरून ठेवते. औषधाचा गुण येत नाही असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा वेळांची गल्लत असते. जोडीला तेल-तूप कमी.

दुसरं कारण जंतूंचं. आकसलेल्या, मंद चालणाऱ्या लहान आतड्यात अन्न रेंगाळतं आणि तिथे नको तितके जंतू वाढतात. पोट फुगतं, गुडगुडतं, वारा घाण सुटतो, काही दिवस बद्धकोष्ठ आणि मग जुलाब. ग्लुकोज पिऊन श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी असते. ती सगळीकडे होत नाही, म्हणून लक्षणं जुळली तर डॉक्टर रिफॅक्सिमिनसारखं प्रतिजैविक एक-दोन आठवडे देऊन बघतात. फरक पडतो, पण त्रास काही महिन्यांनी परत येऊ शकतो; तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणायच्या नाहीत.

तिसरं बी-12. तेही त्याच शेवटच्या भागात शोषलं जातं. यकृतात त्याचा दोन-चार वर्षांचा साठा असतो, म्हणून कमतरता शेक विसरल्यावर उघडी पडते: थकवा, पायांना मुंग्या, जिभेची आग. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, बी-12, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. शोषणच होत नसेल तर साध्या गोळ्यांनी भागेलच असं नाही, इंजेक्शनं लागतात. थायरॉईड आणि साखरेची तपासणी त्याच वेळी करावी. जुलाबांचं कारण रेडिएशनशी संबंधित नसलेलंही असू शकतं.

दुधाची न सोसणारी साखर कधी कायमची राहते. दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघितलं की निकाल घरीच लागतो. चहातलं दूधही बंद हवं.

शौच आवरत नाही, ही तक्रार बायका सगळ्यात उशिरा सांगतात. गुदाशय कडक झाल्यामुळे साठवण कमी झालेली असते. इथे लोपेरामाईड रोजच्या वापरात, थोड्या प्रमाणात, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतलं की सकाळची धावपळ कमी होते. सोबत एक चमचा इसबगोल थोड्याच पाण्यात, शौच बांधून यायला. आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम: वारा अडवतो तसे स्नायू आवळून पाच-दहा सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक कळायला किमान तीन महिने लागतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण पुष्कळजणी स्नायू आवळण्याऐवजी खाली जोर देतात.

रक्त पडत असेल तर पहिली गोष्ट, कारण पक्कं करायचं. शेक घेतलाय म्हणून रक्त शेकाचंच असं धरून चालू नका. पॉलिप किंवा नवा कॅन्सरही असू शकतो. दुर्बिणीची तपासणी हवी आणि ती करणाऱ्याला आधी सांगायचं की ओटीपोटाला रेडिएशन झालंय. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा विनाकारण काढला तर तिथे न भरणारी जखम आणि पुढे योनीशी भोक पडायची भीती असते. त्या एका वाक्याने मोठं संकट टळतं.

केशवाहिन्यांचं रक्त थोडं, अधूनमधून असेल आणि हिमोग्लोबिन टिकून असेल तर शौच मऊ ठेवणं, अ‍ॅस्पिरिन-डायक्लोफेनॅकसारखी औषधं डॉक्टरांना विचारून कमी करणं एवढंही पुरतं. त्याहून जास्त असेल तर सुक्रालफेटचा एनिमा, म्हणजे ते औषध गुदद्वारातून आत सोडणं. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या राकेश कोचर यांच्या चमूने 1991 मध्ये त्याचा उपयोग चाचणीत दाखवला. पहिल्यांदा नर्सकडून शिकून मग घरी करता येतो. सुक्रालफेट 2 ग्रॅम लागतं. द्रव औषधाच्या बाटलीवर 5 मिलीत एक ग्रॅम आहे की 10 मिलीत ते नीट वाचा, कारण दोन्ही प्रकार मिळतात. त्यात कोमट पाणी घालून 30 ते 50 मिली करा. ते मोठ्या सिरिंजमध्ये भरून मऊ फोली कॅथेटर (लघवीसाठी घालतात ती, टोकाला फुगा असलेली नळी) जोडा. कॅथेटरचा फुगा फुगवायचा नाही. डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोपा, टोकाला जेली लावा, बळ न लावता 7 ते 10 सेंटीमीटर आत सरकवा आणि हळूहळू सोडा. दुखलं किंवा अडलं तर थांबा. नंतर कुशी बदलत एक पूर्ण फेरी घ्या आणि शेवटी पालथं पडून राहा, कारण रक्तस्राव बहुतेक पुढच्या भिंतीवरून होतो आणि औषध तिथे बसायला हवं. जितका वेळ धरवेल तितका धरा. दिवसातून दोनदा, काही आठवडे. पहिल्या चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून सोडू नका.

तेवढ्यानेही थांबलं नाही तर दुर्बिणीतून आर्गॉन वायूने केशवाहिन्या भाजणं किंवा 4 टक्के फॉर्मलिन लावणं. आर्गॉनच्या आधी आतडं पूर्ण साफ हवं. साठलेल्या वायूने आत स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. भाजलेल्या जागी जखम राहून दुखणं वाढू शकतं, म्हणून थोड्याशा रक्तासाठी ते करू नये असं माझं मत आहे. उच्च दाबाच्या ऑक्सिजनचे 30-40 सेशन घेतात, पण चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि खर्च मोठा असतो. बाकीचं करून झाल्यावरच तिकडे वळावं.

आतडं अरुंद झालं असेल तर जेवणानंतर तास-दोन तासांनी पिळवटणारी कळ, पोट फुगणं, ओकारी, मग अचानक मोकळं होणं असा क्रम दिसतो. अशांनी शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, पेरू, संत्र्याच्या फोडींची सालं, धागेदार पालेभाजी टाळावी आणि थोडं थोडं, चावून खावं. इथे इसबगोलही नको. वारा पूर्ण बंद, ओकाऱ्या सुरू आणि पोट टम्म झालं तर ती इमर्जन्सी. पुष्कळदा नाकातून नळी आणि सलाईनवर सुटतं. ऑपरेशन लागलंच तर या आतड्याचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच. शेकलेल्या भागात घातलेला टाका कमी रक्तामुळे भरत नाही आणि गळतो, म्हणून जोडणीचं निदान एक टोक तरी न शेकलेल्या आतड्याचं असावं लागतं. योनीवाटे शौच किंवा वारा येणं, लघवीतून बुडबुडे येणं, चक्कर येईल इतकं रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

नव्या डॉक्टरकडे जाताना ‘कॅन्सर झाला होता, शेक घेतला’ एवढं सांगून भागत नाही. डिस्चार्जच्या कागदांत रेडिएशनचा सारांश असतो: कुठल्या भागाला, किती ग्रे, किती हप्ते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, ब्रेकीथेरपीचे डोस, सोबतचं केमो. तो नसेल तर युनिटमधून मागून घ्या, फोटो काढून स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर ठेवा. सोबत दोन आठवड्यांची वही न्या: तारीख, किती वेळा, रात्री उठावं लागलं का, रक्त किती, आधी काय खाल्लं, कुठली गोळी किती वाजता. ती वही बघून पित्त, जंतू की अरुंद आतडं याचा अंदाज डॉक्टरला पहिल्याच भेटीत येऊ शकतो.